झाकण कुठवर उघडायचं?

गेल्या श्रावणात माझी विजेची स्कूटर पार्किंगमध्ये उभ्याउभ्या बंद पडली. किल्ली फिरवली की मीटर उजळायचं, हॉर्न वाजायचा, दिवे लागायचे. रेस दिली की ढिम्म. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं दोन मिनिटं पाहून निदान केलं, "काका, कंट्रोलर गेलाय. साडेचार हजार." विचार करून सांगतो म्हणालो आणि गाडी ढकलत परत आणली. खरा दोष धाकट्या मुलीनं दाखवला, तोही नकळत. "बाबा, ब्रेक दाबलेला नाहीये, तरी मागचा दिवा का पेटलाय?" ब्रेकच्या दांडीपाशी नखाएवढा स्विच असतो. ब्रेक दाबला की तो मागचा दिवा लावतो आणि त्याच वेळी कंट्रोलरला सांगतो, मोटरची वीज तोड. पावसाचं पाणी शिरून तो दाबलेलाच अडकला होता. गाडीच्या समजुतीप्रमाणे मी चार दिवस ब्रेक आवळून बसलो होतो. नवा स्विच पुण्याच्या नाना पेठेत सव्वाशे रुपयांत मिळाला.

हा पराक्रम मी सोसायटीत चारचौघांना ऐकवला आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी चादरीत गुंडाळलेली बॅटरी घेऊन दारात उभे. "तुम्ही दुरुस्त करता ना? हिची एक बाजू जरा फुगलीय. उघडून बघा की." त्यांच्या लेखी दोन्ही कामं एकच होती. मी तो स्विच बदलला त्यापेक्षा हे थोडं मोठं, एवढंच.

विजेची स्कूटर घरी दुरुस्त करावी की करू नये, हा वाद बहुतेक वेळा असाच भलत्या टोकाला सुरू होतो. एक बाजू म्हणते, हात लावू नका, कंपनीत न्या. दुसरी म्हणते, त्यात आहे काय, चार वायरी आणि एक मोटर. दोघांचंही अर्धं खरं आहे, कारण त्या प्लॅस्टिकच्या अंगाखाली दोन वेगळी यंत्रं नांदतात. एक म्हणजे चाकं, ब्रेक, स्विच, बारीक वायरी, कपलर, दिवे. सायकल आणि टेबलफॅन यांच्या मधलं काहीतरी. दुसरं म्हणजे बॅटरी, आणि तिला बंद करण्याचं बटण नाही. जुन्या पेट्रोल स्कूटरचा कॉक बंद केला, टाकी रिकामी केली की ती निव्वळ पत्रा उरायची. म्हणून आपली आधीची पिढी तिला बिनधास्त आडवी कलती करायची, प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायची. बॅटरीची किल्ली काढा, एमसीबी पाडा, आतले सेल तितकेच भरलेले राहतात. घरच्या दुरुस्तीची हद्द मी त्या पेटीच्या झाकणावर आखतो. झाकणाच्या बाहेर बरंच काही करता येतं, आणि गंमत म्हणजे गाडी बंद पडण्याची पुष्कळशी कारणं बाहेरच असतात.

आधी ताकदीचा अंदाज घेऊ. 60 व्होल्ट आणि 30 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 1.8 युनिट वीज मावते. विजेच्या बिलात ही रक्कम किरकोळ. पण उघड्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तीच वीज शेकडो अँपिअरनं धावते. पाना जागच्या जागी चिकटतो, तापतो, धातूचे थेंब उडतात. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ, लोंबणारी साखळी किंवा मंगळसूत्र काढून ठेवायचं ते यासाठी. शॉकचा धोका त्यामानानं कमी, पण नाही असं नाही. वाहनांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत 60 व्होल्टच्या वरचा डीसी पुरवठा उच्च दाबाचा मानतात, आणि 72 व्होल्टची म्हणून विकली जाणारी, एनएमसी जातीची 20 सेलची लिथियम बॅटरी पूर्ण भरली की 84 व्होल्ट दाखवते. घामेजल्या हातांना तेवढं पुरतं.

डीसीची आणखी एक खोड आहे. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून स्विचमधली ठिणगी आपोआप विझते. डीसीला शून्य नसतं, ठिणगी ताणली तरी जळत राहते. सीटखालचा एमसीबी खराब झाला म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातून घराच्या बोर्डाचा एमसीबी आणून बसवणं चूक ठरतं ते यामुळे. तो एरवी चालू-बंद होईल. नेमका शॉर्टच्या वेळी तुटण्याचा भरवसा नाही. डीसीसाठीचा, तेवढ्याच अँपिअरचा एमसीबी लागतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणाऱ्यांबद्दल काय बोलावं! जळायची ती तार वाचते आणि बाकीची गाडी जळते.

काम सुरू करण्याचा क्रम मी असा पाळतो. जागा मोकळी, कोरडी, उजेडाची. जिना किंवा दाराचा बोळ नव्हे. चार्जर काढलेला. गाडी मधल्या स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. एमसीबी पाडायचा आणि मग किल्ली चालू करून अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाते. पान्याच्या मुठीला टेप गुंडाळलेली. चाक अधांतरी ठेवण्याला मी फार महत्त्व देतो, कारण ही गाडी चालू आहे की बंद हे कानाला कळत नाही. किल्ली चालू राहिलेली असते, कुणी हँडल धरून गाडी सरळ करायला जातं, रेस पिळली जाते आणि गाडी भिंतीवर. लहान मुलांच्या बाबतीत हे फार होतं.

आता निदान. चारपाचशे रुपयांचा मल्टिमीटर ही यातली खरी गुंतवणूक. टेस्टरनं इथं काही कळत नाही. गाडी पूर्ण मेली असेल, मीटरसुद्धा उजळत नसेल, तर बॅटरीपासून पुढं एकेक टप्पा मोजत जायचं: एमसीबीच्या आधी व्होल्ट आहेत का, नंतर आहेत का, किल्लीच्या स्विचला येतात का, तिथून बाहेर पडतात का. जिथं आकडा गायब होतो तिथं दोष. मीटर उजळतं पण दिवे-हॉर्न बंद असतील, तर 12 व्होल्ट देणाऱ्या कन्व्हर्टरकडं पाहायचं. आणि सगळं चालतं, फक्त चाक फिरत नाही, अशी माझ्यासारखी तक्रार असेल, तर सगळ्यात स्वस्त वस्तूंपासून सुरुवात करायची: ब्रेकचे दोन्ही स्विच, साइड स्टँडचा स्विच, रेसचं कपलर. मेकॅनिक उलट टोकापासून सुरू करतो, कारण कंट्रोलर बदलला की निम्म्या तक्रारी तशाही जातात आणि बिलही बरं होतं. त्याला सरसकट लबाड म्हणणार नाही. कंपनीनं त्याला वायरिंगचा नकाशाच दिलेला नसतो, तर तो अंदाजानंच काम करणार.

रेसच्या मुठीत चुंबक आणि एक छोटा सेन्सर असतो. त्याला तीन वायरी: लाल 5 व्होल्टची, काळी परतीची आणि बहुधा हिरवी इशाऱ्याची. मूठ मोकळी असताना हिरवीवर साधारण 0.8 व्होल्ट दिसतात, पूर्ण पिळल्यावर साडेतीन ते चारच्या आसपास. इथं एक धोका फारसा कुणी सांगत नाही. लाल तुटली तर गाडी नुसती थांबते. काळी तुटली तर इशाऱ्याची वायर वर चढून बसते आणि कंट्रोलरला वाटतं, चालकानं पूर्ण रेस दिली आहे. काही कंट्रोलर हा प्रकार ओळखून मोटर बंद ठेवतात, सगळे नाहीत. म्हणून हँडलखालची वायर घासलेली दिसली तर तिला नुसती पट्टी चिकटवून गाडी रस्त्यावर नेऊ नये.

मोटर आणि कंट्रोलर यांतला गुन्हेगार ओळखायला तर मीटरही लागत नाही. एमसीबी पाडून मागचं चाक हातानं फिरवा. मोकळं फिरलं तर ठीक. अडखळत, गचके देत जड फिरलं, तर मोटरच्या तीन जाड वायरी, बहुतेक गाड्यांत पिवळी, हिरवी, निळी, कंट्रोलरपासून सोडवा आणि त्यांची टोकं एकमेकांना न लागू देता पुन्हा फिरवा. आता चाक मोकळं झालं तर कंट्रोलरच्या आत शॉर्ट आहे; तरीही जड असेल तर मोटरचं वाइंडिंग किंवा वायर. गाडी जागेवर थरथरते आणि धक्का दिला की चालते, असं असेल तर मोटरमधल्या हॉल सेन्सरच्या पाच बारीक वायरींचं कपलर तपासायचं. कोकणात आणि पावसाळी गावांत या कपलरच्या पितळी दातांवर हिरवा कळंक चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, मऊ ब्रश, कोरडं कापड, आणि गाडी ताळ्यावर येते. प्रेशरच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्यांना हा अनुभव वरचेवर येतो.

पंक्चरचं तेवढं सांगून टाकतो. पुढच्या चाकाचं काही नाही. मागच्या चाकातच मोटर असेल तर चाक जड, ॲक्सलमधून बाहेर पडणारी केबल नाजूक, आणि वॉशरचा क्रम चुकला किंवा नट सैल राहिला तर ॲक्सल स्वतःभोवती फिरून ती केबल पिळून तोडतो. चाक काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ट्यूबलेस टायर असेल तर चाक न काढता बाहेरून दोरी भरून घेणं उत्तम.

चार्जरपाशी मात्र थांबायला हवं, कारण झाकण न उघडताही बॅटरीची वाट लावता येते ती इथं. दुकानात "60 व्होल्टचा चार्जर द्या" म्हणून मागितलं की दुकानदार एक काढून देतो. पण 60 व्होल्ट हे आडनाव आहे, नाव नव्हे. 16 सेलची एनएमसी बॅटरी 67.2 व्होल्टला भरते, 20 सेलची एलएफपी, म्हणजे लिथियमचीच दुसरी जात, 73 व्होल्टला, आणि पाच लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा चार्जरही साधारण तेवढ्यातच जातो. तिघांनाही बाजार 60 च म्हणतो. 73 वाला चार्जर 67.2 वाल्या बॅटरीला लावला तर प्रत्येक सेलवर 4.2 ऐवजी साडेचार व्होल्टहून जास्त ताण येतो. मधे उभा असतो तो फक्त बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं राखणदार सर्किट. तो बिघडला तर संपलं. लेड-ॲसिड काढून लिथियम बसवलेल्या गाड्यांत जुनाच चार्जर वापरत राहणारे मी पाहिले आहेत, पिनही तीच बसते म्हणून. चार्जरच्या लेबलवरचा आउटपुट व्होल्टेज आणि बॅटरीच्या लेबलवरचा चार्जिंग व्होल्टेज जुळला पाहिजे, दशांश चिन्हासकट. लेबल पुसलं गेलं असेल तर तो चार्जर त्या बॅटरीला लावायचा नाही. आणि मीटरवर चार्जर शून्य दाखवतो म्हणून लगेच फेकूही नका. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय वीज सोडतच नाहीत.

भिंतीकडची बाजूही तितकीच महत्त्वाची. भाड्याच्या जुन्या खोल्यांत अर्थिंग नावापुरतं असतं, तिसरी पिन मोडून चार्जर दोन पिनी केलेला असतो, किंवा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडलेली पातळ वायर पावसात झोके घेत असते. प्लग हाताला चटका देत असेल तर दोष गाडीत नाही, सॉकेटमध्ये आहे. इलेक्ट्रिशियनकडून नीट अर्थिंगचा 16 अँपिअरचा पॉइंट आणि वीज गळताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेणं, ही मी तरी स्कूटरच्या दुरुस्तीतच धरतो.

लेड-ॲसिडच्या गाड्या, म्हणजे 250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या, नोंदणी आणि लायसन्स न लागणाऱ्यांपैकी बऱ्याच, या घरच्या माणसाला जास्त सोप्या आहेत. बॅटऱ्या सुट्या, 12 व्होल्टच्या. विसावलेली भरलेली बॅटरी 12.7 च्या आसपास दाखवते, पण हा आकडा फसवा असतो. हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब जोडून काही मिनिटांनी पुन्हा मोजा. चार जणी साडेबारावर टिकतात आणि एक दहाच्या खाली घसरते. तीच सगळ्यांना ओढत असते. एकच बदलली तर नवी आणि जुन्या यांचं पटत नाही, म्हणून संच बदलावा लागतो; परवडत नसेल तर निदान सारख्या वयाची शोधावी. चार्जिंग करताना हवा खेळती हवी, कारण हायड्रोजन सुटू शकतो. फुटलेल्या बॅटरीतलं आम्ल सांडलं तर खायचा सोडा टाकायचा. जोडताना एका वेळी एकच टोक, दुसरं झाकलेलं.

लिथियमकडं वळलो की भाषा बदलावी लागते. मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी स्कूटर पेटली. एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधल्या 40 पैकी 20 नव्या स्कूटर जळाल्या. सप्टेंबर 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. त्याच महिन्यात सिकंदराबादला स्कूटरच्या शोरूममध्ये लागलेल्या आगीचा धूर वरच्या लॉजमध्ये चढून आठ जण दगावले. या घटनांनंतर सरकारनं बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-156 हे मानक कडक केलं, पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून आणि दुसरा 31 मार्च 2023 पासून. एक सेल पेटला तर आग शेजाऱ्यांत किती पसरते याची चाचणी, सेलचा माग ठेवणं, चार्जर आणि बीएमएस यांच्यावर अटी. याचा ग्राहकाच्या दृष्टीनं साधा अर्थ: तुमची गाडी त्याआधीची असेल तर तिची बॅटरी या परीक्षेला बसलेली नाही.

पेटीच्या आत नक्की काय बिघडतं हे समजलं की झाकणाचा मोह सुटतो. पहिलं, सेल एकमेकांना निकेलच्या पट्ट्यांनी स्पॉट वेल्डिंग करून जोडलेले असतात. घरची सोल्डरिंग लावली तर ती उष्णता थेट सेलच्या पोटात जाते. दुसरं, फार दिवस रिकामा पडून दोन व्होल्टच्या खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना भलत्या जागी साचतं. बीएमएसनं अशी बॅटरी अडवलेली असते ती उगाच नाही. बीएमएसला वळसा घालून तिला "उठवणारे" व्हिडिओ बघून लोक जो प्रयोग करतात, त्याचं फळ लगेच दिसत नाही. आठवड्यानं, रात्री, चार्जिंगच्या वेळी दिसतं. तिसरं, पाणी. 25 जुलै 2024 ला खडकवासल्याच्या विसर्गानं पुण्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं. अशा पुरात बुडालेली लिथियमची गाडी वरून वाळली तरी चालू करायची नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. इमारतीपासून दूर, उघड्यावर ठेवून सर्व्हिस सेंटरला कळवायचं. आत राहिलेला ओलावा कधीही शॉर्ट करू शकतो.

आणि बॅटरी सुसू आवाज करत धूर सोडू लागली तर? सामान काढायला थांबायचं नाही, माणसं बाहेर, 101 किंवा 112. तो धूर विषारी असतो. पावडरचा सिलिंडर ज्वाळा विझवतो, सेलची उष्णता नाही. ती उतरवायला भरपूर पाणी लागतं आणि विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते. म्हणूनच रात्रीचं, दारापाशीचं, जिन्याखालचं चार्जिंग टाळायचं: पळायची वाट तीच असते.

मग बॅटरी न्यायची कुणाकडं? वॉरंटीत असेल तर कंपनीकडंच, सील न तोडता. वॉरंटी संपली की खरी अडचण. हिरव्या पाटीच्या नव्या गाड्यांत बॅटरी, कंट्रोलर, मीटर एकमेकांना सॉफ्टवेअरनं ओळखतात. बाहेरचा सुटा भाग बसवला तर गाडी एरर दाखवून बसते आणि तो मिटवायचं साधन फक्त कंपनीकडं. ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहन क्षेत्रही होतं, आणि डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. माझं मत असं, की सुरक्षेच्या नावाखाली माहिती दडवल्यानं सुरक्षा वाढत नाही. ग्राहक गल्लीतल्या अशा दुकानात जातो जिथं जुन्या बॅटऱ्यांतले कुठले कुठले सेल निवडून नवा पॅक बांधून मिळतो. त्यातही चांगले कारागीर आहेत. ओळखायचे कसे? प्रत्येक सेलची क्षमता रिकामी करून मोजतो का, ते आकडे लिहून देतो का, फ्यूज आणि बीएमएस कोणता घातला हे दाखवतो का, एवढं विचारावं. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तिथून निघालेली मुलं आता गॅरेजांत दिसू लागली आहेत.

कायद्याचीही एक कड आहे. 25 ची गाडी 45 नं पळवण्यासाठी कंट्रोलरची वेगमर्यादेची वायर तोडणं ही दुरुस्ती नव्हे. अशा वाढीव वेगाच्या गाड्यांवर महाराष्ट्राच्या परिवहन विभागानं 2022 मध्ये मोहीमच काढली होती. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 परवानगीशिवाय बदल करू देत नाही आणि कलम 182-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

शेजाऱ्यांच्या फुगलेल्या बॅटरीचं पुढं काय झालं, हे राहिलं. मी ती घरात घेतली नाही. दोघांनी मिळून सावकाश खाली नेली आणि कंपाउंडच्या भिंतीशी, झाडापासून आणि गाड्यांपासून लांब, वाळूच्या घमेल्यात ठेवली, वर पत्रा तिरपा टेकवून. ऑगस्ट 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. पण ज्या शोरूममधून गाडी घेतली तिथं आता मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे. भंगारवाला लेड-ॲसिडला किलोवर भाव देतो, तिला आनंदानं उचलतो. हिच्याकडं त्यानं लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "लिथियम हाय ना सायेब? नको." फोन चालू आहेत. वॉचमननं घमेल्याभोवती चार विटा मांडल्या आहेत आणि मुलांना तिकडं क्रिकेट खेळू देत नाही.